शेवटच्या नळाचे पाणी

गावात नळ आला म्हणजे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मिटला, असा समज आपल्याकडे दृढ झालेला दिसतो. तो अगदीच निराधार आहे असे नाही. ज्या माउलीने भर उन्हाळ्यात मैल मैल तुडवून हंडे वाहिले, तिच्या दारात तोटी आली, हे सुख लहान नव्हे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास घरच्या नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी पुरविण्याचे उद्दिष्ट ठेवले, व त्यानुसार अनेक गावांत नव्या वाहिन्या पडल्या. परंतु नळ पाणी आणून देतो. ते शुद्ध राखणे हे नळाचे काम नव्हे.

२०२२ च्या आषाढात मराठवाड्यातील एका गावी सोयाबीनच्या शेतीशाळेसाठी मी गेलो होतो. नेहमी तीसेक शेतकरी जमत. त्या दिवशी नऊच आले. चौकशी करता गावाच्या खालच्या आळीत जुलाब-उलट्यांची साथ असल्याचे कळले. दोन मुलांना तालुक्याच्या रुग्णालयात सलाईन लावावे लागले होते. शेतीशाळा तशीच सोडून आम्ही त्या आळीत गेलो. एका वृद्ध बाईंना कोठले पाणी पिता असे विचारले. त्या काहीशा रागानेच म्हणाल्या, “नळाचंच पितो की, साहेब! आडाचं सोडून सात वर्सं झाली.”

ग्रामसेवक, आरोग्यसेविका आणि मी असे तिघे मग जलकुंभापासून निघालो व वाहिनीच्या मागोमाग शेवटच्या घरापर्यंत चालत गेलो. अंतर अर्ध्या मैलाहून अधिक नसेल. पण त्या चालण्यात मला जे समजले, ते एरवी समजले नसते. जलकुंभाखालच्या नळाच्या पाण्यात ओ. टी. द्रावणाचे थेंब टाकताच स्वच्छ पिवळा रंग आला, म्हणजे तेथे क्लोरीन होता. मधल्या चौकात रंग फिका झाला. खालच्या आळीतील शेवटच्या नळाचे पाणी जसेच्या तसे राहिले. जंतुनाशक औषध जलकुंभात पडत होते, नोंदवहीत त्याची नोंदही होती. मात्र ज्यांना त्याची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्या हंड्यात ते पोहोचत नव्हते.

कारणे शोधावी लागली नाहीत, ती वाटेवरच पडलेली होती. वाहिनीचा एक तुकडा उघड्या गटारातून गेला होता आणि त्याच्या जोडातून पाणी झिरपत होते. व्हॉल्व्हचा खड्डा पावसाच्या गढूळ पाण्याने तुडुंब भरलेला होता. खालच्या आळीत दाब कमी म्हणून लोकांनी तोट्या काढून टाकून, अंगणात हातभर खोल खड्डे खणून, त्यात नळाचे तोंड उतरविले होते. पाणी दिवसाआड एक तास येई. येथेच खरी मेख आहे. पुरवठा बंद होताच वाहिनीतील दाब नाहीसा होतो. आतले पाणी उताराकडे निघून गेले की पोकळी निर्माण होते, आणि ज्या भेगेतून घटकाभरापूर्वी पाणी बाहेर येत होते, त्याच भेगेतून गटाराचे व खड्ड्याचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या पाळीला तेच प्रथम हंड्यात पडते. यास्तव गळती म्हणजे केवळ पाण्याची नासाडी, असे समजून स्वस्थ बसू नये.

आता औषधाविषयी. विरंजक चूर्ण, ज्यास गावोगाव टी. सी. एल. म्हणतात, ते ताजे असता त्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. परंतु ऊन, हवा व ओल लागली की तो झपाट्याने उडून जातो. उघड्या पोत्यातील पावडर महिनोन् महिने वापरणारी ग्रामपंचायत पाण्यात बहुतांशी चुनाच टाकीत असते. १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम हे प्रमाण लक्षात ठेवावे. म्हणजे २०,००० लिटरच्या जलकुंभास १०० ग्रॅम. गोल विहिरीतील पाणी मोजावयाचे तर व्यासाचा व्यासाशी गुणाकार करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ०.७८५ ने गुणावे (मापे मीटरमध्ये घ्यावीत), आणि येणाऱ्या आकड्याची हजारपट करावी. तितके लिटर पाणी झाले. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते व त्यास १९० ग्रॅम पावडर लागते. पावडर प्लास्टिकच्या बादलीत प्रथम थोड्या पाण्यात कालवावी, मग पाणी वाढवून ढवळावे व निवळू द्यावे. वरची निवळ तेवढी वापरावी; खालचा चुन्याचा साका टाकून द्यावा. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडू नये. पावसाळ्यातील गढूळ पाणी क्लोरीन अधिक खाते, म्हणून त्या दिवसांत ठरावीक मापावर विसंबून न राहता शेवटच्या नळावर परीक्षण करावे. तेथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. परीक्षणासाठी घेतलेले पाणी कोणीही पिऊ नये, आणि ते द्रावण हाताला लागू देऊ नये.

एक सूचना शेतीखात्याचा माणूस म्हणून मुद्दाम करतो. टी. सी. एल. चे पोते युरियाच्या वा कीटकनाशकांच्या शेजारी कधीही ठेवू नये. ती एकमेकांत मिसळल्यास विषारी वायू निघतो, प्रसंगी आगही लागते. अनेक गावांत एकच खोली सर्वांचे कोठार असते, म्हणून हे सांगावे लागते.

शेतकरी बांधवांचाही ह्या कामाशी निकटचा संबंध आहे. विहिरीपासून १५ मीटरच्या आत उकिरडा, गोठ्याचा नाला वा शौचखड्डा असू नये. वाहिनी शेतातून गेली असेल तर तिच्या मार्गावर दगडी खुणा रोवून घ्याव्यात, म्हणजे नांगरटीत ती दुखावणार नाही. फवारणीचे पंप पिण्याच्या पाण्यापाशी भरू अगर धुऊ नयेत. येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. ह्याच गावी आदल्या हंगामात फवारणीचे प्रात्यक्षिक मी सार्वजनिक नळाच्या ओट्याशेजारी घेतले होते. पाणी हाताशी होते, सावली होती. पंप तेथेच विसळले गेले. त्या वेळी ते मला खटकलेही नाही.

घरात आलेले पाणी घरातच नासते, हेही तितकेच खरे. माठात पेला बुडविणारा हात आत काय सोडून येतो, ते डोळ्यांना दिसत नाही. माठ घडवंचीवर, झाकण लावून ठेवावा व पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. शौचाहून आल्यावर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. ह्या गोष्टी सर्वांना पाठ आहेत. मात्र किती घरांत ओगराळे माठावर टांगलेले दिसते, हे आपल्या फेरीत एकदा मोजून पाहावे.

अशा साध्या उपायांची शक्ती ज्यांना शंकास्पद वाटते, त्यांनी नारूचे स्मरण करावे. बारवेत उतरून पाणी भरणाऱ्या रोग्याच्या पायातील जंत पाण्यात पिल्ले सोडी. ती एका सूक्ष्म जलजीवाच्या पोटात वाढत आणि पिणाऱ्याच्या शरीरात सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा जंत होऊन कातडी फोडून बाहेर येत. ह्या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते. १९८४ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत त्याचे सुमारे ४० हजार रोगी होते. फडक्यातून गाळलेले पाणी, बारवांची सुधारणा, हातपंप आणि घरोघर फिरणारे कार्यकर्ते एवढ्या बळावर तो मागे हटला. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला व फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला.

त्या गावी पुढील आठवड्यात झिरपणारा जोड बदलला गेला. अंगणातील खड्डे बुजविण्यास मात्र लोक सहजासहजी तयार होईनात, आणि त्यांचे चुकत नव्हते. दाब वाढल्याशिवाय खड्डा बुजवा म्हणणे म्हणजे पाणी सोडा म्हणण्यासारखेच होते. अखेर पाण्याच्या दोन पाळ्या केल्या, खालच्या आळीस प्रथम पाणी दिले, आणि मग तोट्या पुन्हा जमिनीच्या वर आल्या. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणीपरीक्षणाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे; त्यांपैकी एक त्या वृद्ध बाईंची सून होती. परीक्षण तिच्याच नळावर होऊ लागले. नंतरच्या भेटीत बाईंनीच मला हटकले, “दोन दिस झाले, पिवळं दिसंना. शिपायाला सांगा.” शिपायास बोलावले तेव्हा पावडर संपल्याचे कळले. वाहिनीचा गटारातील तुकडा मात्र त्या दिवशीही तेथेच होता. तो वळविण्याचा ठराव ग्रामसभेत झाला होता, काम व्हावयाचे होते.