कंपनीचा माणूस आणि आपला माणूस

फ्लोरिडात वादळाने छप्पर उडालं की पाहणीला येतो तो विमा कंपनीने नेमलेला अ‍ॅडजस्टर. पब्लिक अ‍ॅडजस्टर घरमालकाने नेमायचा. नावात ‘पब्लिक’ असलं तरी तो सरकारी नव्हे. परवाना मात्र राज्याचा लागतो. तो पॉलिसी बारकाईने वाचतो, भिंतीत मुरलेलं पाणी शोधतो, दुरुस्तीचा खर्च मांडून कंपनीशी घासाघीस करतो. मोबदला भरपाईतून, टक्क्यांनी. कायद्याने तो एरवी २० टक्क्यांपर्यंत. जाहीर आणीबाणीतल्या नुकसानीच्या दाव्यांना पहिलं वर्षभर १० टक्केच. किरकोळ नुकसानीला हा सौदा महागच पडतो. वादळ ओसरताच दारात येऊन सही मागणाऱ्याचा परवाना आधी तपासावा. घाईत सही झालीच, तर १० दिवसांत करार दंडाविना रद्द करता येतो.