चार वेळा विष, मग रान

चेन्नईहून मामल्लपुरमकडे जाताना समुद्राकाठी वडनेम्मेली नावाचं गाव लागतं. तिथल्या मगर-उद्यानाच्या आवारात वाळूवर मातीची मडकी मांडलेली दिसतात. तोंडाला सुती फडकं, त्यावर दोरीची घट्ट गाठ. आत नाग, घोणस, मण्यार, नाहीतर फुरसं.

रानातून धरलेला साप जगवणं हे वाटतं त्याहून बरंच नाजूक काम. अंगावरच्या गोचिडी आणि पोटातले जंत तो सोबतच आणतो. रानात ते त्याला फारसे जड जात नाहीत, पण कोंडलं की तेच उचल खातात. काचेच्या पेटीत तर बिचारा वाट शोधत काचेवर नाक घासतो, नाक सोलवटतं, तोंडात जखम होते आणि हिरड्या सडायला लागतात. मडक्यात हे होत नाही. काळोख असतो, माती श्वास घेते आणि वेटोळ्याला चहूबाजूंनी भिंत टेकते. सापाच्या लेखी हे बीळच!

खाण्याची काळजी माणसालाच जास्त. आपली शेगडी पोटात पेटलेली असते, सापाची बाहेर, उन्हात आणि तापलेल्या दगडात. त्यामुळे काही आठवडे उपाशी राहणं धडधाकट सापाला जड जात नाही. उलट गारठ्यात त्याला उंदीर खाऊ घातला तर तो पचण्याआधीच कुजतो आणि साप ओकून टाकतो. तहानेचं मात्र तसं नाही. पाणी कमी पडलं की कात अखंड न उतरता तुकड्यांत निघते आणि डोळ्यांवरची झापड तशीच चिकटून राहते. नागपंचमीला दूध पिणारा नाग हा असाच, मुद्दाम तहानेला ठेवलेला. ते दूध फुप्फुसात गेलं तर न्युमोनिया होतो. विषाचे दात उपटूनही गारुड्याचा नाग कायमचा निर्धोक होत नाही, कारण त्यामागे बदली दात तयारच असतात.

मडकी ज्यांची, ते इरुळा. सापाच्या कातड्यांवर या जमातीचं पोट चाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा बसला. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं 1978 मध्ये विष काढण्यासाठी त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. कायद्याच्या लेखी साप नुसता पकडणं हीसुद्धा शिकार. पण जीवरक्षक औषधासाठी विष गोळा करायचं असेल, तर कलम 12 खाली परवानगी मिळू शकते. हौसेखातर घरात नाग पाळायला अशी वाट नाही, मग तुम्ही कितीही मोठे सर्पमित्र असा.

विष काढताना आकडीनं साप अलगद बाहेर काढतात आणि डोकं दोन बोटांत धरून बरणीवर ताणलेल्या पातळ पडद्याजवळ नेतात. दात पडद्यात रुततात, काचेवरून पिवळसर थेंब ओघळतो. घोणस सढळ हातानं देते. फुरसं अगदीच चिक्कू: सुकवलेलं एक ग्रॅम विष जमवायचं तर फुरशी शेकड्यांनी लागतात. हेच विष अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून सर्पदंशावरचं औषध बनतं.

एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणजे कोकणातल्या कातळावरच्या फुरशाचं विष तमिळनाडूतल्या फुरशासारखंच असेल, असं धरून चालत नाही. हा प्रश्न मडक्यांनी सुटणारा नाही. त्यासाठी ठिकठिकाणचं विष लागेल.

आठवड्यातून एकदा, असं चार वेळा विष काढून झालं की सापाची पाळी संपते. सोडण्याआधी पोटाकडच्या खवल्याची कड किंचित कातरतात. पुढच्या हंगामात तोच साप हाती लागला, तर पकडणारा आधी त्याला उलटा करून पोट बघतो. खूण ताजी दिसली, की तिथल्या तिथे सोडून देतो. कात टाकता टाकता ती हळूहळू भरून येते.