पतसंस्थेतला तुमचा पैसा कोणाला कर्जाऊ गेला? ठेव ठेवण्याआधी असे तपासा

बीड : ज्ञानराधा मल्टीस्टेट प्रकरणानंतर जिल्ह्यातील ठेवीदारांच्या तोंडी एकच प्रश्न आहे, पैसे कधी मिळणार? त्याचे उत्तर तपास यंत्रणा आणि न्यायालयाच्या हाती आहे. पण दुसरी संस्था निवडताना आणखी एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : धोका आधी ओळखता येतो का?

नेमके काय घडले?
बीडमध्ये मुख्यालय असलेल्या या संस्थेने ठेवींवर १२ ते १४ टक्के व्याजाचे आमिष दाखवल्याचे ईडीचे म्हणणे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अध्यक्ष सुरेश कुटे यांच्या उद्योग समूहावर प्राप्तिकर विभागाचे छापे पडले. त्यानंतर ठेवी परत मिळणे बंद झाले. जून २०२४ मध्ये कुटे यांना अटक झाली. संस्थेचे २,३०० कोटींहून अधिक रुपये कुटे समूहातील कंपन्यांनाच पुरेशा तारणाशिवाय कर्जरूपाने दिले, असा ईडीचा आरोप आहे. अंतिम निकाल न्यायालय देईल.

कायदा काय सांगतो?
बहुराज्य सहकारी संस्था कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते. संचालक, त्यांचे पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी यांना दिलेल्या कर्जाचा तपशील सभेपुढे ठेवावा लागतो.

मग मेख कुठे आहे?
या तपशिलात माणसांची नावे येतात. मात्र कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असते. त्यामुळे कर्ज कंपनीच्या नावावर असेल, तर त्यामागचा संचालक वरवर पाहून लक्षात येत नाही.

ठेव ठेवण्याआधी काय कराल?

- अहवाल मागा : ताळेबंद आणि लेखापरीक्षकाचे शेरे वाचा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथेच थांबा.
- मोठे कर्जदार विचारा : बहुतांश कर्ज मोजक्याच नावांवर आहे का? तारण काय घेतले आहे?
- कंपनी तपासा : कर्जदार कंपनीचे संचालक कोण, हे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही पाहता येते. ती नावे संस्थेच्या संचालकांच्या यादीशी ताडून पाहा.
- तुमचे सभासदत्व कोणते? : नाममात्र सभासदाला मताचा अधिकार नसतो. पावतीवर सही करण्याआधी हे विचारून घ्या.
- विम्याचा गैरसमज नको : ५ लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांना नाही.

लक्षात ठेवा
चकचकीत शाखा आणि ओळखीचा एजंट म्हणजे हमी नव्हे. ऊसबिलाचे, निवृत्तीचे किंवा मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे ठेवायचे असतील, तर ‘व्याज किती?’ याआधी ‘कर्ज कोणाला?’ हे विचारा.