माळव्याच्या माळावरचा रानकांदा

विंध्याच्या कडेला, धार आणि देवास जिल्ह्यांतल्या मुरमाड उतारांसारख्या जागी, ऐन उन्हाळ्यात जमिनीतून एक उघडा दांडा वर येतो. पानांचा पत्ता नसतो. दांड्यावर फिकट मातकट फुलं विरळ लटकतात, प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद रेघ असते आणि ती उमलतात दिवस कलल्यावर. उकरून पाहिलं तर खाली पापुद्र्यांचा पांढरट कंद निघतो. त्यावरून हा आपल्या कांद्याचा रानटी पूर्वज असावा असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. हा रानकांदा किंवा कोळकांदा, शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका, शतावरीच्या कुळातला. कांदा-लसूण अ‍ॅलियम या वेगळ्या प्रजातीतले. कांद्याचे जवळचे रानटी नातलग मध्य आशियात सापडतात आणि भारतातल्या रानटी अ‍ॅलियम मुख्यतः हिमालयात. कांद्याचा तो ओळखीचा उग्र दर्प रानकांद्याला नसतो.

हा फरक पुस्तकी नाही. रानकांद्याच्या कंदात थेट हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्यं असतात, त्यामुळे भाजीत पडला तर तो विषच. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आयुर्वेदात तो खोकल्यावर वापरतात, मग घातक कसा? औषधाचा गुण आणि विषाचा गुण इथे एकाच द्रव्याचा आहे, आणि दोन्ही मात्रांमधलं अंतर फार थोडं. भूमध्य समुद्राकाठच्या त्याच्या भाऊबंदाच्या लाल जातीपासून उंदीर मारण्याचं औषध करत, हे लक्षात घेतलं की ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरा गैरसमज बागेचा. दांडा शोभिवंत दिसतो म्हणून कंद कुंडीत आणला जातो, उन्हाळाभर रोज पाणी मिळतं, आणि कंद सडतो. माळव्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर पडतो. रानकांद्याची पानं पावसाबरोबर येतात, तेवढ्या काळात कंदात अन्न साठवतात आणि वाळून जातात. उन्हाळ्यातलं फूल त्याच शिलकीवर येतं. म्हणून त्याला निचऱ्याची जमीन आणि लांब कोरडी विश्रांती लागते. परदेशी बागांतले जांभळ्या गोंड्यांचे शोभेचे अ‍ॅलियमही कोरड्या उन्हाळ्याचेच, पण त्यांतल्या बहुतेकांना फुलण्याआधी कडाक्याची, लांब थंडी हवी असते. माळव्याचा हिवाळा त्यांना पुरत नाही.

मग रानकांदा उगवतो ती मुरमाड जमीन पडीकच ना, तिचं काही केलं तर काय बिघडलं? पावसाळा सोडून उरलेले आठ महिने पाहणाऱ्याला ती पडीक वाटते खरी. पण खड्डे खणून तिथे दाट रोपं लावली की कंद उखडले जातात आणि वाचलेल्यांवर सावली पडते. औषधासाठी कंद खणणाऱ्यानेही झाडाचा कोणताच भाग मागे ठेवलेला नसतो, कारण इथे कंद हेच झाड. बी हलकं, चपटं, वाऱ्याने उडणारं असतं, पण त्यापासून फुलण्याजोगा कंद तयार व्हायला वर्षं लागतात. अशा माळावर काही लावायचंच असेल, तर आधी मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत तो पायी फिरून पाहायला हवा. एकाच ऋतूत केलेली पाहणी दांडे तरी हुकवते, नाहीतर पानं.