विश्लेषण : ‘द बिअर कॅफे’ची मालकी तीन वर्षांत दोनदा कशी हलली? वर्ध्यात अशा पबला जागा का नाही?

वर्धा जिल्ह्यात पब नाही, बिअर बार नाही आणि परवानाधारक दारू दुकानही नाही. तरीही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत गेलेल्या इथल्या अनेक तरुणांना ‘द बिअर कॅफे’ हे नाव ठाऊक आहे. देशातील मोठ्या पब साखळ्यांपैकी एक असलेला हा व्यवसाय २०२२ मध्ये एका बिअर कंपनीने घेतला. २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या कर्जपुरवठादारांनी तो ताब्यात घेतला आणि वाद थेट न्यायालयात गेला. पबवरची पाटी तीच राहिली, मग मालक कसा बदलला? दारूबंदीच्या जिल्ह्यातील वाचकाने हे का समजून घ्यावे?

साखळी कुणी सुरू केली?

राहुल सिंग यांनी २०१२ मध्ये गुरुग्राम येथून ‘द बिअर कॅफे’ची सुरुवात केली. त्या काळी बिअर प्यायची तर एकीकडे पंचतारांकित हॉटेल आणि दुसरीकडे अंधारा परमिट रूम, असे दोनच पर्याय बहुतेक शहरांत होते. कॉफी शॉपसारखी उजेडाची, मॉलमधली, मित्रमैत्रिणींसोबत बसता येईल अशी जागा देण्याची ही कल्पना होती. ग्राहकाने स्वतः नळ फिरवून ग्लास भरायचा आणि जेवढी घेतली तेवढ्याचेच पैसे द्यायचे, हा प्रकारही या साखळीने लोकप्रिय केला.

असा व्यवसाय वाढवायचा तर पैसा लागतो. प्रत्येक नव्या शाखेसाठी मॉलचे भाडे, अनामत, सजावट आणि परवाना शुल्क आधीच भरावे लागते. गल्ला मात्र नंतर सुरू होतो. त्यामुळे संस्थापकाने गुंतवणूकदार संस्थांना हिस्सा दिला. मालकी हळूहळू विभागली जाण्याची सुरुवात तिथेच झाली.

‘बिरा’ने ही साखळी का घेतली?

‘बिरा ९१’ ही बिअर बनवणारी कंपनी म्हणजे बी९ बेव्हरेजेस. अंकुर जैन तिचे संस्थापक. ही बिअर २०१५ मध्ये बाजारात आली. नावातील ९१ हा भारताचा दूरध्वनी संकेतांक. ऑक्टोबर २०२२ मध्ये बिराने ‘द बिअर कॅफे’ विकत घेतला. व्यवहार रोखीचा नव्हता. पबच्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या बदल्यात बिराचे शेअर मिळाले.

हिशेब सरळ होता. भारतात दारूच्या जाहिरातीवर बंदी आहे. अशा वेळी स्वतःचा पब हीच जाहिरात ठरते. नवी बिअर आधी तिथे पाजायची, लोकांना आवडली तर बाजारात उतरवायची. पुढच्याच महिन्यात जपानच्या किरिन होल्डिंग्ज या बलाढ्य कंपनीने बिरामध्ये ७ कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. सारे सुरळीत चालल्याचे चित्र होते.

एक शब्द वगळला आणि विक्री कशी थांबली?

शेअर बाजारात उतरण्याच्या तयारीसाठी कंपनीने आपल्या नावातील ‘प्रायव्हेट’ हा शब्द काढला. एरवी ही कागदोपत्री बाब. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य हा राज्यांचा विषय आहे. प्रत्येक राज्याचे उत्पादन शुल्क खाते वेगळे, नियम वेगळे आणि बाटलीवरच्या लेबलची नोंदणीही वेगळी. नाव बदलले म्हणजे लेबल बदलले, आणि लेबल बदलले म्हणजे नव्याने मंजुरी. अनेक राज्यांत ती मिळेपर्यंत काही महिने विक्री ठप्प झाली. जुन्या नावाचा माल विकता येईना आणि बिअर तर नाशवंत.

२०२३-२४ या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री घसरून सुमारे ६३८ कोटी रुपयांवर आली, तर तोटा ७४८ कोटी रुपयांवर गेला. म्हणजे विक्रीपेक्षा तोटा मोठा. तोटा आधीही होता, पण या धक्क्यानंतर रोख पैशाचीच चणचण निर्माण झाली.

मालकी दुसऱ्यांदा कशी बदलली?

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन गोष्टी एकदम समोर आल्या. अडीचशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी संस्थापकाला पदावरून दूर करण्याची मागणी करणारे निवेदन दिले. पगार थकल्याचा आणि कारभारात त्रुटी असल्याचा त्यांचा आरोप होता. दुसरीकडे, अॅनिकट कॅपिटल ही कर्ज देणारी संस्था आणि किरिन यांनी ‘द बिअर कॅफे’चा ताबा घेतल्याचे उघड झाले. कर्जापोटी या साखळीचे शेअर तारण ठेवण्यात आले होते. बिराने याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यावर न्यायालयाने हे शेअर परस्पर तिसऱ्या कुणाला देण्यास अंतरिम मनाई केली.

शेअर तारण म्हणजे नेमके काय?

हिंगणघाट किंवा आर्वीच्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. शेतमाल तारण योजनेत सोयाबीन किंवा तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवली की मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. माल शेतकऱ्याचाच असतो. पण १८० दिवसांच्या मुदतीत परतफेड झाली नाही, तर तो विकून रक्कम वसूल करण्याचा हक्क समितीकडे जातो.

कंपनीच्या बाबतीत गोदामातल्या पोत्यांच्या जागी शेअर असतात. परतफेड चुकली की कर्ज देणारा ते आपल्या नावावर करून घेऊ शकतो. शेअर ज्याच्या नावावर, कंपनी त्याची. दुकानाला कुलूप लागत नाही, वेटर तेच राहतात, मेन्यूही तोच. बदलतो तो संचालक नेमणारा हात. म्हणूनच मालकी बदलल्याची बातमी ग्राहकाला सर्वांत शेवटी कळते.

असे फक्त भारतातच घडते का?

नाही. पबचे माहेरघर असलेल्या ब्रिटनमध्ये दीर्घकाळ बहुतेक पब बिअर कंपन्यांच्याच मालकीचे होते. पबचालकाने मालकाचीच बिअर विकायची, असा शिरस्ता होता. ही मक्तेदारी मोडण्यासाठी १९८९ मध्ये सरकारने नियम केला. दोन हजारांपेक्षा जास्त पब असलेल्या बिअर कंपन्यांनी वरच्या पबपैकी निम्मे बंधनातून मोकळे करावेत, असा तो आदेश होता. कंपन्यांनी पब विकले. ते कर्ज काढून घेणाऱ्या पंच आणि एंटरप्राइझ यांसारख्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. २००८ च्या मंदीत हे कर्ज अंगावर आले. पुढे २०१७ मध्ये पंचचे सुमारे १,९०० पब हायनेकेन या बिअर कंपनीकडेच गेले, तर २०२० मध्ये एंटरप्राइझचा व्यवसाय स्टोनगेटने घेतला. बिअर कंपनीकडून कर्जदाराकडे आणि तिथून पुन्हा बिअर कंपनीकडे, असा हा फेरा.

वर्ध्यात पब का उघडू शकत नाही?

मालक कितीही श्रीमंत असला तरी पबचा खरा पाया असतो परवाना. महाराष्ट्रात परमिट रूमसाठी ‘एफएल-३’ परवाना लागतो. तो विशिष्ट व्यक्ती किंवा कंपनीच्या नावावर आणि विशिष्ट जागेसाठी असतो. तो दुसऱ्याच्या नावावर करायचा तर उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे ब्रँड एकाचा, जागा दुसऱ्याची आणि परवान्याची किल्ली सरकारकडे.

वर्ध्यात सरकार ही किल्ली देतच नाही. महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या वास्तव्यामुळे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून संपूर्ण जिल्हा दारूबंद आहे. १९९३ मध्ये गडचिरोली आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर या यादीत आले. चंद्रपूरची बंदी मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. त्यानंतर जुन्या परवान्यांचे नूतनीकरण होऊन दुकाने पुन्हा उघडली. सरकारी निर्णयाने मोल शून्यावर जाणारी आणि पुन्हा वर येणारी ही मालमत्ता आहे, हे तिथे स्पष्ट दिसले.

बंदी म्हणजे दारूच नाही, असेही नव्हे. वर्धा नदीचा पूल ओलांडला की अमरावती किंवा यवतमाळ जिल्हा लागतो, दुसऱ्या बाजूला नागपूर. तिथून येणारी चोरटी दारू आणि मोहाची गावठी हातभट्टी यांवर पोलिसांच्या धाडी नित्याच्या आहेत. फरक इतकाच, की या धंद्याचा मालक कोण हे कुठल्याही कागदावर नसते. बंदी हवी म्हणणाऱ्या महिला मंडळांचा आणि ती उठवा म्हणणाऱ्यांचा वाद इथेच अडतो.

परवाना असूनही धोका का?

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीस मनाई केली. २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर नंतर २२० मीटर झाले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर अनेक चालू बार एका दिवसात बंद पडले. महाराष्ट्रात २०२५ मध्ये परमिट रूममधील मद्यावरील व्हॅट १० टक्के झाला आणि परवाना शुल्कही वाढले. निषेध म्हणून १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील हॉटेलचालकांनी बंद पाळला. शहरातील पब बाहेरून झगमगीत दिसला तरी भाडे, कर आणि व्याज या तिन्हींच्या कात्रीत तो असतो.

याचा फटका कुणाला?

मोठ्या गुंतवणूकदाराचे पैसे अनेक ठिकाणी विखुरलेले असतात. एक बुडाला तरी दुसरा सावरतो. कर्मचाऱ्याचा पगार मात्र एकाच ठिकाणाहून येतो. कर्जाला तारण असते, थकलेल्या पगाराला नसते. किराणा, भाजी आणि बर्फ पुरवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याच्या बिलालाही नसते. कंपनी दिवाळखोरीत निघाली, तर कायद्याने तारणधारक कर्जदाता आणि मागील २४ महिन्यांचे थकीत वेतन असलेले कामगार एकाच रांगेत पुढे असतात. पुरवठादारांचा क्रमांक त्यांच्या मागे लागतो.

त्यामुळे विदर्भातून शहरात हॉटेल व्यवसायात नोकरीला जाणाऱ्या तरुणांनी पाटीवरचा ब्रँड पाहून थांबू नये. नियुक्तिपत्रावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, पगाराच्या पावतीवर तेच आहे का आणि भविष्य निर्वाह निधीचा हप्ता दरमहा जमा होतो का, हे तपासावे. निधीची नोंद मोबाइलवरच्या पासबुकात दिसते. मालक बदलल्याची पहिली चाहूल अनेकदा तिथेच लागते.