सराव परीक्षेत गुण कमी पडले तर



नवलाख उंबऱ्याच्या शिवारात एमआयडीसी आली. पोरांनी इंजिनिअर व्हावे असे घरोघरी वाटते. पण सीईटीच्या सरावात गुण कमी पडले की आपण पोरावरच डाफरतो. एकरी उतारा घटला तर आपण आधी माती तपासतो ना? तसाच पेपर तपासावा.

चुकांचे तीन ढीग करावेत. येतच नव्हते, त्याला पुस्तक. घाईत चुकले, त्याला सावधपणा. वेळ पुरला नाही, त्याला घड्याळ लावून सराव.

अभियांत्रिकीच्या २०० गुणांत १०० गणिताचे. प्रश्न ५०, वेळ ९० मिनिटे. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. अकरावीवरही सुमारे २० टक्के प्रश्न येतात. त्या वह्या रद्दीत घालू नयेत.

पेपर थोडे सोडवावेत, पण पुरते तपासावेत. पोराला धीर मात्र आपणच द्यायचा.