बारावीनंतरची पाच वर्षे

जानेवारी २०२६ मध्ये पुणे आणि परिसरातील रस्त्यांवर पाच दिवस एक आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ‘पुणे ग्रँड टूर’ या नावाची ही शर्यत एकूण ४३७ किलोमीटरची होती आणि ती टप्प्याटप्प्यांनी घेण्यात आली. न्यूझीलंडचा ल्यूक मजवे विजयी ठरला. भारतीय स्पर्धकांनी शर्थ केली, हे मान्यच केले पाहिजे. तथापि एकूण क्रमवारीच्या अग्रभागी परदेशी खेळाडूच राहिले. अशा प्रसंगी एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्या देशात घरोघरी सायकल आहे, त्या देशाला जगाच्या रांगेत बसेल असा एक तरुण सायकलपटू का मिळू नये? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर सायकल शर्यतीत एकही भारतीय उतरलेला नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाची धार अधिकच जाणवते.

प्रश्न रास्त आहे; परंतु तो बहुधा चुकीच्या ठिकाणी उभे राहून विचारला जातो. पुण्यात उभे राहून तो विचारला, तर उत्तरे महागड्या सायकली, परदेशी प्रशिक्षक आणि गुळगुळीत रस्ते यांच्याभोवती फिरतात. तोच प्रश्न वाशीम जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेच्या फाटकाशी उभे राहून विचारला, तर उत्तर निराळे येते. सकाळी शाळा भरण्याच्या वेळी त्या फाटकातून सायकली आत येतात, आणि त्यांतील पुष्कळशा मुलींच्या असतात. सायकल चालवणारे तरुण पाय येथे कमी नाहीत. कमी आहे ते काय, हे समजण्यासाठी प्रथम टप्प्यांच्या शर्यतीतील एका विशिष्ट पारितोषिकाकडे पाहिले पाहिजे.

पांढऱ्या जर्सीचा हिशेब

टप्प्यांच्या शर्यतीत प्रत्येक दिवसाची वेळ नोंदवली जाते आणि सर्व दिवसांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. एक दिवस चमकून जाणाऱ्यापेक्षा रोज थोडे थोडे टिकवणाऱ्याला येथे महत्त्व. फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत. तिच्यात सर्वप्रथम असलेल्याला पिवळी जर्सी मिळते, हे पुष्कळांना ठाऊक असते. १९७५ साली तेथे आणखी एक जर्सी सुरू झाली. ती पांढरी आणि तरुणांतील सर्वोत्तमासाठी राखून ठेवलेली. पहिला मान इटलीच्या फ्रांचेस्को मोझेर याने मिळवला.

या पारितोषिकासाठी वेगळी शर्यत नसते, वेगळा मार्ग नसतो, कोणतीही सवलत नसते. तरुण स्पर्धक सर्वांबरोबरच धावतात. फक्त त्यांच्या वेळांची यादी स्वतंत्रपणे काढली जाते. तरुण कोणाला म्हणावे याची व्याख्या मात्र बदलत आली. आरंभी व्यवसायात नव्याने आलेल्यांसाठी ही जर्सी होती; पुढे वयाची अट आली आणि आज पुरुषांच्या शर्यतीत साधारणतः पंचविशीपर्यंतचे खेळाडू तिला पात्र असतात. २०२२ पासून नव्या रूपात सुरू झालेल्या स्त्रियांच्या टूरमध्ये ही मर्यादा तेवीस वर्षांखालील आहे.

क्वचित एखादा तरुण दोन्ही जर्सी एकदमच मिळवतो. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचार याने २०२० साली ते केले, तेव्हा त्याच्या बाविसाव्या वाढदिवसाला एक दिवस बाकी होता. परंतु हा अपवाद झाला. नियम असा, की पांढरी जर्सी ही भावी विजेत्याची हुंडी असते. ज्याची वाढ पूर्ण झालेली नाही, त्याला पूर्ण वाढ झालेल्याच्या मापाने मोजले तर तो हरलेलाच दिसणार. त्याच्या समवयस्कांत मोजले तर त्याचे खरे मोल कळते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे नवजात उद्योगाच्या संरक्षणासारखे आहे. फरक एवढाच, की येथे संरक्षण म्हणजे जकात नव्हे, तर केवळ वेगळी मोजणी. म्हणूनच या संरक्षणाला खर्च जवळजवळ शून्य येतो.

शाळेच्या वाटेवरून

या जर्सीच्या इतिहासात वाशीमच्या वाचकाला जवळचा वाटावा असा एक मुलगा आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात बोयाका नावाचा डोंगराळ, शेतीप्रधान प्रांत आहे. तेथील कोंबिता भागातील एका शेतकरी कुटुंबात नैरो किंताना १९९० साली जन्मला. घरची माणसे भाजीपाला विकत. शाळा पंधरा-सोळा किलोमीटर दूर आणि रोजचे बसभाडे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून वडिलांनी त्याला एक जुनी, जड सायकल घेऊन दिली. जाताना उतार, येताना चढ. २०१३ साली हाच मुलगा टूर द फ्रान्समध्ये एकूण क्रमवारीत दुसरा आला. तरुणांची पांढरी जर्सी आणि घाटांतील सर्वोत्तमाची ठिपक्यांची जर्सी, या दोन्ही त्याने एकाच वर्षी मिळवल्या. २०१५ साली त्याने पांढरी जर्सी पुन्हा पटकावली.

ही कथा सांगितली, की ऐकणारा जिद्दीचे कौतुक करून मोकळा होतो. येथेच खरी फसगत आहे. चढावरून सायकल हाकत शाळेतून घरी परतणारी मुले जगात लाखो आहेत. त्यांतला किंतानाच का पुढे आला? कारण त्याच्या गावापासून फ्रान्सपर्यंत जाणारी शिडी त्याच्या जन्मापूर्वीच उभी झाली होती. कोलंबियाची राष्ट्रीय टप्प्यांची शर्यत १९५१ साली एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने सुरू झाली. पुढे १९६८ मध्ये केवळ तरुणांसाठी तशीच दुसरी शर्यत निघाली. १९८३ साली त्या देशाचा हौशी खेळाडूंचा संघ फ्रान्सला गेला. १९८५ मध्ये फाबिओ पारा याने पहिली पांढरी जर्सी आणली. किंताना विशीच्या उंबरठ्यावर होता, तेव्हा त्याला प्रथम सामावून घेतले ते बोयाका प्रांताच्याच नावाने उतरणाऱ्या संघाने. आणि २०१९ साली एगान बेर्नाल याने पांढरीबरोबर पिवळी जर्सीही मिळवली, तेव्हा आरंभाला अडुसष्ट वर्षे लोटली होती.

तात्पर्य, शाळेची सायकल ही पहिली पायरी झाली. पण पायरी म्हणजे शिडी नव्हे. दुसरी पायरी जेथे हाताशी असते, तेथेच पहिलीवर पाय ठेवण्याला अर्थ येतो.

राज्याने दिलेली सायकल

वाशीम जिल्ह्यात ही पहिली पायरी शासनानेच घालून दिलेली आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल दिली जाते. २०२२ मध्ये या सायकलीसाठीचे अनुदान पाच हजार रुपये करण्यात आले. बिहारने अशीच योजना २००६ साली आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी त्या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुली यांच्यातील पटनोंदणीचे अंतर ४० टक्क्यांनी घटले, असा त्यांचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. इतक्या थोड्या पैशांत इतके मोठे फळ देणाऱ्या सरकारी योजना फार नाहीत.

परंतु ही सायकल बारावीला थांबते. परीक्षा झाली, की ती बहुधा धाकट्या भावंडाकडे जाते किंवा ओसरीच्या भिंतीला टेकते. त्या वेळी मुलीचे वय असते सतरा-अठरा. जगातल्या सर्वोत्तम तरुण स्त्री-सायकलपटूची जर्सी मिळवण्याची मुदत संपते ती तेविशीला. मध्ये उरतात पाच वर्षे. पाच वर्षे रोज सायकल चालवून पाय तयार झालेली मुलगी नेमकी याच काळात सायकलीवरून उतरते. तिच्यातील एखादीचा दम असामान्य होता की काय, हे तिला स्वतःला कळत नाही, शाळेला कळत नाही, जिल्ह्याला तर नाहीच नाही. कारण तिची वेळ कधी कोणी मोजलेलीच नसते. मुलग्यांची स्थिती आणखी निराळी. त्यांच्या वाट्याला योजनेतली सायकल येत नाही आणि पंचविशीची मुदतही बहुधा नोकरीच्या अर्जांत निघून जाते.

महाराष्ट्रात ही शिडी मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ पासूनची. बोरघाटात प्रथम येणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ हा किताब देण्याची तिची परंपरा आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूजा दानोळे हिने खेलो इंडिया युवा स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने भारताचे प्रतिनिधित्व केले. मात्र ही नावे कोणत्या भागातून येतात, हे पाहण्यासारखे आहे. ज्या भागात सहकार रुजला, क्लब उभे राहिले, शर्यती भरल्या, तेथून खेळाडूही आले. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतील विभागीय अनुशेष आकड्यांत मांडला. त्या मोजणीत खेळाला स्थान नव्हते. १९९८ च्या १ जुलैला अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला वाशीम जिल्हा या न मोजलेल्या अनुशेषाचाही वारस आहे.

एक आक्षेप आणि एक योजना

ज्या जिल्ह्यात सोयाबीनचा भाव पडला की घरातल्या शिक्षणावर कात्री चालते, तेथे शर्यतीच्या गोष्टी कशाला, असा आक्षेप येथे घेतला जाईल. शर्यतीची सायकल लाखाच्या घरात जाते, हे खरे. त्या सायकली शासनाने वाटाव्यात असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण प्रतिभेचा शोध आणि प्रतिभेची जोपासना या दोन गोष्टींचा खर्च सारखा नसतो. जोपासना महाग आहे. ती थोड्यांचीच करावी लागते आणि त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय सायकल अकादमीसारख्या संस्था आहेत. शोध मात्र स्वस्त आहे आणि तो सर्वांमध्येच घ्यावा लागतो. आज नेमका तोच होत नाही.

टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली, तीही एका वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी काढलेली शर्यत म्हणून. साठ स्पर्धक, सहा टप्पे, सहा शहरे. वाशीम जिल्ह्यात तालुकेही सहाच आहेत: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा. दिवाळीच्या सुटीनंतर थंडीच्या दिवसांत, सकाळी तास-दोन तास रहदारी थांबवलेल्या एका रस्त्यावर, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक टप्पा ठेवता येईल. घोळक्याने धावण्याची आवश्यकता नाही, म्हणजे अपघाताचे भयही कमी. एकेकाला मिनिटाच्या अंतराने सोडावे, वेळ नोंदवावी आणि सहा ठिकाणच्या वेळांची बेरीज करावी. सायकल सर्वांना एकसारखी, म्हणजे योजनेतलीच. त्यामुळे बापाच्या ऐपतीची शर्यत होणार नाही. शाळेतील मुले-मुली एका यादीत, बारावी ओलांडून तेविशी न गाठलेले दुसऱ्या यादीत. ही दुसरी यादी सर्वांत महत्त्वाची. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांनी तिची जबाबदारी घेतली, तर बारावीला थांबणारी सायकल पदवीपर्यंत चालू राहील. लागणार आहे ते घड्याळ, वही, रुग्णवाहिका, चार पोलीस आणि ही नोंद वर्षानुवर्षे जपणारा एखादा चिकट क्रीडाशिक्षक.

यातून किंताना निघेलच, अशी हमी कोणी देऊ नये. कोलंबियाला पहिल्या पांढऱ्या जर्सीसाठी चौतीस वर्षे थांबावे लागले. परंतु जर्सी न मिळालेल्या पिढ्यांचे काय झाले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. त्यांना प्रकृती मिळाली, प्रवास मिळाला, वेळेचा हिशेब कळला आणि मुख्य म्हणजे आपण कोठे आहोत हे आकड्यांत समजले. ग्रामीण मुलीच्या बाबतीत तर आणखी एक लाभ संभवतो. अठराव्या वर्षी जिच्या नावापुढे जिल्ह्याच्या यादीत एक वेळ नोंदलेली आहे आणि पुढील वर्षी ती वेळ सुधारायची आहे, तिच्या लग्नाची घाई करणाऱ्या घराला उत्तर देण्यासाठी तिच्या हाती काहीतरी असते.

नागपूर आणि मुंबईला जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. २०२५ मध्ये तो संपूर्ण खुला झाला. त्याच्यावर सायकलीला मज्जाव आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. मात्र वेगाने जाणाऱ्यांसाठी एवढा खर्च करणाऱ्या राज्याने, शेजारच्या गावरस्त्यावरून स्वतःच्याच सायकलीवर शाळेत जाणाऱ्या मुलीचा वेग किती आहे, हे एकदा घड्याळ लावून पाहायला काय हरकत आहे?